रिव्हिएराचा किनारा कुणा शेठजींच्या सातबाऱ्यावर नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत फ्रेंच रिव्हिएरावर (म्हणजे फ्रान्सच्या दक्षिणेचा भूमध्य समुद्राचा किनारा) पानभर लेख आला तो मी आणि आमच्या नणंदबाई दोघींनीही वाचला, फोटो झकास होते त्याबद्दल वाद नाही, पण लेख वाचून कुणालाही असंच वाटेल की तिथं जायचं तर एकतर स्वतःची यॉट पाहिजे नाहीतर सासरा तरी मोनॅकोचा पाहिजे. कान शहरातल्या फिल्म फेस्टिव्हलचा रेड कार्पेट, मोनॅकोचा कॅसिनो, सेंट ट्रोपेचे बीच क्लब आणि छत्रीखालच्या आरामखुर्चीचं भाडं, झाला लेख. आम्ही दोघी आणि आमचे 'हे' त्याच किनाऱ्यावर बऱ्यापैकी फिरून आलोय, तेही साध्या ट्रेनने आणि बसने, म्हणून म्हटलं चार ओळी लिहाव्यात, छापल्यात तर आनंद आहे.

मुख्य मुद्दा असा की तिथला समुद्रकिनारा कायद्यानेच सगळ्यांचा आहे. फ्रान्समध्ये 1986 चा किनाऱ्यांसंबंधीचा कायदा आहे, त्यानुसार बीचवर पायी जायला यायला कुणालाही मोकळीक आहे आणि पैसे लागत नाहीत. मग ते गादीवाले खासगी बीच कुठून आले? तर ती जागा त्यांच्या मालकीची नसतेच, सरकारकडून ठरावीक मुदतीसाठी चालवायला घेतलेली असते आणि त्यालाही मर्यादा आहे, 2006 च्या नियमाप्रमाणे नैसर्गिक बीच असेल तर त्याचा 80 टक्के भाग मोकळा ठेवावाच लागतो, भर घालून तयार केलेला बीच असेल तर निम्मा. शिवाय खुर्च्या मांडल्या तरी पाण्याच्या काठाने लोकांना चालत जाता येईल एवढा पट्टा सोडायचाच. हे लेखात एका ओळीत जरी आलं असतं तरी वाचकाचा अर्धा धाक गेला असता.

आम्हाला हा पट्टा काय भानगड आहे ते प्रत्यक्षात बघायला मिळालं. एका गावी (गावाचं नि बीचचं नाव लिहीत नाही) आम्ही तिघं पाण्याच्या कडेकडेने चपला हातात घेऊन चाललो होतो, एका बाजूला ओळीने पांढऱ्या गाद्या, तर तिथला पोरगा धावत आला आणि हातवारे करून मागे फिरा म्हणायला लागला. आमचे हे लगेच फिरायलाच निघाले, कारण परदेशात भांडण नको हा त्यांचा नियम. तेवढ्यात मागून पोहायच्या चड्डीवर एक आजोबा आले, अंगाने वाळलेले, उन्हाने तांबूस झालेले, खांद्यावर टॉवेल, आणि त्यांनी त्या पोराला फ्रेंचमध्ये असं काही झापलं की ज्याचं नाव ते! बोलताना बोटाने ओल्या वाळूची रेघ दाखवत होते, म्हणजे एवढं आमचं. पोरगा खांदे उडवून परत गेला आणि आजोबांनी आम्हाला अगदी दारात स्वागत करावं तसा हात करून पुढे काढलं. आमच्यातल्या एकालाही फ्रेंच येत नाही, तरी सगळं समजलं.

दुसरा कायदा याहून भारी आहे. 1976 च्या डिसेंबरमध्ये तिथं ठरलं की समुद्राला लागून कुणाची खासगी जमीन असेल तर त्याने काठाने तीन मीटर रुंदीची वाट पायी चालणाऱ्यांसाठी सोडायची. काही अपवाद आहेत, जुनं घर अगदी काठावर असेल तर वाट वळसा घेते, पण तत्त्व तेच. त्यामुळे नीस शहराजवळ समुद्रात घुसलेल्या काप फेरा या जमिनीच्या टोकावर, जिथं जगातले सगळ्यात महागडे बंगले आहेत असं म्हणतात, तिथं त्या बंगल्यांच्या खालून तुम्ही आम्ही फुकट फिरू शकतो. वर त्यांच्या भिंती आणि पाइनची झाडं, खाली खडक आणि इतकं स्वच्छ पाणी की तळाचे दगड मोजावेत. पूर्ण चक्कर मारायची तर पायऱ्या आहेत, खडबडीत जागा आहेत, चांगले बूट लागतात, आणि समुद्र खवळलेला असेल तर तिकडे जायचंच नाही, वाट बंदही करतात. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी जवळच्या बोलियू स्टेशनला उतरून काप फेरावरच्या सेंट जाँ गावापर्यंतची काठाची सपाट फरसबंद वाट धरावी, नणंदबाईंनी ती गप्पा मारत मारत पार केली आणि वर आईस्क्रीम खाल्लं.

लोक तिथं या हक्कासाठी किती जागे असतात ते 2015 साली जगाने पाहिलंय, बातम्यांत आलं होतं, आठवत असेल. सौदी अरेबियाचे राजे सलमान व्हालोरिसजवळच्या आपल्या बंगल्यावर सुट्टीला आले, तर सुरक्षेसाठी म्हणून बंगल्याखालचा मिरांदोल नावाचा छोटासा सार्वजनिक बीच बंद केला गेला, आणि वरून खाली उतरायला लिफ्ट बसवायची म्हणून चक्क वाळूत काँक्रीट ओतलं. लाखाच्यावर लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. राजेसाहेब तीन आठवडे राहणार अशा बातम्या होत्या, ते आठवडाभराने मोरोक्कोला निघून गेले, आता त्याचा सह्यांशी संबंध किती ते राजेसाहेबच जाणोत. सेंट ट्रोपेचंही तसंच. ज्या पांपलोन बीचच्या नावावर सगळे क्लब चालतात तो मुळात शेजारच्या रामातुएल गावाच्या हद्दीत आहे, आणि तिथली वाळूवरची जुनी बांधकामं काही वर्षांपूर्वी पाडून टाकली, आता जे आहे ते सुटं करून उचलता येईल असं आणि वाळूच्या टेकड्यांच्या मागे सरकवलेलं. आणि हो, सेंट ट्रोपेला रेल्वे स्टेशनच नाही, उन्हाळ्यात एकच रस्ता गाड्यांनी तुंबलेला असतो, पहिल्यांदा जाणाऱ्याने त्याच्या नादी लागूच नये असं माझं प्रामाणिक मत.

त्यापेक्षा नीसला मुक्काम करावा आणि ट्रेनने फिरावं. ही किनाऱ्याची रेल्वे 1864 मध्ये नीसपर्यंत आली आणि पुढे चार वर्षांनी मोनॅकोला पोचली, आजही इकडच्या फिरण्याचा खरा आधार तीच. नीसहून निघालं की व्हिलफ्रांश, बोलियू, एझ, मोनॅको, मांतों अशी स्टेशनं ओळीने येतात आणि पुढे गाडी इटलीच्या हद्दीत व्हेंतिमिलियाला जाते. नीस ते मोनॅको वीस-पंचवीस मिनिटं, तिकीट पाचेक युरोच्या आसपास, बसने गेलात तर त्याहूनही कमी लागतात फक्त वेळ दुप्पट. समुद्राच्या बाजूची सीट पकडा, म्हणजे जाताना उजवीकडची. गर्दीत पाकीट सांभाळा, खिसेकापू इथे सुटाबुटातले असतात. व्हिलफ्रांशला तर स्टेशनवरून जिना उतरलं की थेट बीच, वाळू थोडी जाडसर पण खाडी शांत, आमच्या मते सगळ्या किनाऱ्यावर म्हाताऱ्या माणसांना आणि लहान पोरांना याच्याइतकी सोयीची जागा नाही.

नीसबद्दल मात्र एक गोष्ट लेखात सांगायलाच हवी होती, तिथं वाळू नाही! गोटे आहेत गोटे, करड्या रंगाचे, पोळीएवढे सुद्धा. अनवाणी चालणं म्हणजे शिक्षा, पाण्यातून बाहेर येताना चांगले धडधाकट लोकसुद्धा चार पायांवर येतात. रबराचे पाण्यात घालायचे बूट मिळतात ते आधी घ्या मग बाकीचं. आणि तिथला तळ एकदम खोल होतो, दोन पावलं गुडघाभर आणि तिसरं गळ्यापर्यंत असा प्रकार, त्यात लाटा असतील तर काठावर आपटतात आणि गोट्यांसकट पाय ओढतात. पोहता येत नसेल तर फक्त बसा, काही बिघडत नाही. हिरवा पिवळा लाल झेंडा बघायचा, लाल असेल तर पाण्यात जायचंच नाही, जांभळा असेल तर पाणी खराब किंवा जेलीफिश वगैरे, आणि लाल-पिवळे असे दोन रंगी झेंडे दोन बाजूंना दिसले की त्यांच्या मधल्या भागावर जीवरक्षकाचं लक्ष असतं, तिथंच उतरावं. ही पद्धत 2022 पासून सगळ्या फ्रान्समध्ये एकसारखी केलीय. भरती-ओहोटीचं टेन्शन नाही, भूमध्य समुद्रात पाणी चढतं-उतरतं ते वीतभर, त्यामुळे सकाळी टाकलेला टॉवेल संध्याकाळीही तिथंच. वाळूच हवी असेल तर आंतिबच्या बाजूला ज्वाँ-ले-पँ किंवा कान, पण कानच्या वाळूत बरीचशी बाहेरून आणून ओतलेली आहे हेही सांगून टाकते.

अपंग माणसं घरात असतील तर त्यांच्यासाठी नीसमध्ये उन्हाळ्यात खास व्यवस्था असते, करास आणि सांतनेर या दोन बीचवर पाण्यात जाणारी खुर्ची असते आणि धरून नेणारे मदतनीस असतात. आम्ही बघत बसलो होतो, एका बाईंना असं खुर्चीतून पाण्यात नेलं, त्या दोन्ही हातांनी पाणी उडवत होत्या आणि तो मदतनीस पोरगा पार भिजलेला. एवढी चांगली गोष्ट सोडून लेखात कॅसिनोवर तीन परिच्छेद?

आता कपड्यांचं, कारण बायकांच्या ग्रुपमध्ये पहिला प्रश्न तोच असतो. बीचवर तुम्ही काय घातलंय याकडे कुणी ढुंकून बघत नाही. 2016 मध्ये काही गावांनी पूर्ण अंग झाकणाऱ्या पोहण्याच्या पोशाखावर बंदी घातली होती, ती तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्याच ऑगस्टमध्ये एका गावच्या प्रकरणात स्थगित केली. आम्ही दोघी लेगिंग आणि लांब टी-शर्ट घालून समुद्रात उतरलो, कुणी एक शब्द बोललं नाही. स्विमिंग पूलचं मात्र वेगळं, तिथं नियम कडक, सैल बर्म्युडा घालून पुरुषांना सार्वजनिक पूलमध्ये सहसा सोडत नाहीत, अंगाला घट्ट बसणारी चड्डीच लागते, हे नवरोबांना आधीच सांगून ठेवा म्हणजे तिथं तोंड पाडून बसायला नको. उलट बीचवरून गावात येताना उघड्या अंगाने येऊ नये, बऱ्याच नगरपालिका दंड करतात. आणि 2025 च्या उन्हाळ्यापासून बीचवर सिगारेट बंद आहे, पकडलं तर 135 युरो. याबद्दल मी फ्रान्स सरकारला स्वतंत्र धन्यवादाचं पत्र लिहायला तयार आहे.

ही जागा श्रीमंतांची ही समजूत आली कुठून हेही थोडं बघायला हवं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज आणि रशियन उमराव इथं हिवाळा काढायला यायचे, उन्हाळ्यात नव्हे, तेव्हा उन्हाळ्यात काळं कुत्रं फिरकत नसे. नीस तर 1860 पर्यंत फ्रान्समध्ये पण नव्हतं. समुद्राकाठचा तो लांबलचक प्रोमेनाद देझांग्ले नावाचा रस्ता इंग्रजांच्या पैशातूनच सुरू झाला, 1820 च्या दशकात, म्हणून नावात इंग्रज. हिवाळी मुक्कामाचं शहर म्हणूनच 2021 मध्ये युनेस्कोने नीसला यादीत घेतलं. उन्हात पडून अंग भाजून घ्यायची फॅशन आली ती 1920 नंतर, आणि 1936 मध्ये तिथल्या डाव्या आघाडीच्या सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा दिली, रेल्वेची सवलतीची तिकिटं काढली, तेव्हापासून गिरणीतला माणूसही बायकापोरांना घेऊन समुद्रावर यायला लागला. म्हणजे सामान्य माणूस तिथं कालपरवा घुसलेला नाही, नव्वद वर्षं होत आली.

आणि साधेपणाचंच म्हणाल तर ज्या ल कॉर्ब्युझिएने चंदीगड शहर आखलं त्याने स्वतःसाठी याच किनाऱ्यावर, रोकब्रून-काप-मार्तँला, एक लाकडी खोपटं बांधलं, एका बाजूने 3.66 मीटर आणि दुसऱ्या बाजूनेही तेवढंच, म्हणजे बारा बाय बारा फूट. त्याच्यासमोरच्या समुद्रात पोहतानाच 1965 च्या ऑगस्टमध्ये तो गेला. ते खोपटं आता युनेस्कोच्या यादीत आहे आणि बघता येतं पण आधी बुकिंग करून गाइडबरोबरच, स्टेशनापासून चालत जायचं. आमच्या ह्यांना ते बघून इतका आनंद झाला की मोनॅकोतल्या गाड्या बघूनही झाला नव्हता.

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगते. नीसच्या जुन्या गावात 'सोका' मिळतो, चण्याचं पीठ, ऑलिव्ह तेल, पाणी, मीठ, एवढंच घालून मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात, आपल्या धिरड्याची चुलत बहीणच म्हणा, वरून मिरपूड, कागदात गुंडाळून हातात देतात. पूर्ण शाकाहारी. शाकाहारी लोकांनी कांद्याच्या त्या चौकोनी पावापासून जपून, त्यावर छोटे खारवलेले मासे असतात. हॉटेलात पाणी मागताना नळाच्या पाण्याचा जग मागायचा, तो जेवणाबरोबर फुकट असतो, नाहीतर बाटली उघडून बिलात लावतात. दुपारी दोननंतर बरीच स्वयंपाकघरं बंद, सात वाजेपर्यंत उपाशी. आणि बरोबर बारा वाजता टेकडीवरून धडाम असा आवाज होतो, घाबरू नका, रोजचाच आहे, दुपारची वर्दी. नणंदबाईंच्या हातातला सोका खाली पडला होता त्यामुळे त्यांच्या लक्षात राहिलंय.

आता खरी तक्रार. आम्ही पूर्वी एका टूरबरोबर याच भागात गेलो होतो, कंपनीचं नाव लिहून उपयोग नाही कारण बहुतेकांचं सारखंच चालतं. नीसला बसमधून उतरवलं, फोटो काढा म्हणाले आणि पाऊण तासात परत बसमध्ये, मग अत्तराच्या कारखान्यात तासावर वेळ कारण तिथं दुकान आहे, मग मोनॅकोत कॅसिनोच्या बाहेर उभं केलं. समुद्रात पाय बुडवायला सांगितलं तर गाइड म्हणाला वेळ नाही! भूमध्य समुद्राच्या काठावर आणून माणसाचे पाय कोरडे ठेवून परत पाठवायचं, याला काय म्हणावं. फुकट आहे ना समुद्र, त्यात त्यांना काय मिळणार, मग कशाला थांबतील. तिथल्या प्रोमेनादवर निळ्या खुर्च्या ठेवलेल्या असतात, कुणीही बसा, पैसे नाहीत, समोर अख्खी खाडी, त्या खुर्चीवर आमच्या बसमधल्या एकालाही बसता आलं नव्हतं. ज्येष्ठ नागरिकांचे पैसे घेता तर निदान एक सकाळ तरी मोकळी सोडा, एवढंच म्हणणं आहे.

हां, खर्च होतो हे खरंय, मी काही स्वस्ताई आहे असं म्हणत नाही. हॉटेल महाग आहेत, जुलै-ऑगस्टमध्ये तर विचारूच नका, आणि मेमध्ये कानचा फिल्म फेस्टिव्हल आणि 2026 पासून जूनच्या सुरुवातीला मोनॅकोची मोटारींची शर्यत असते तेव्हाही भाव चढलेले. सप्टेंबर सगळ्यात बरा, पाणी उन्हाळाभर तापून छान कोमट झालेलं असतं आणि शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी ओसरलेली. गादीची खुर्ची वीस-पंचवीस युरोपासून पुढे, त्याऐवजी चटई आणि छत्री एकदाच विकत घ्या आणि निघताना कुणा दुसऱ्या कुटुंबाला देऊन या, आम्ही तसंच केलं.

शेवटी तुम्हाला एक विनंती. असा लेख पुन्हा छापायचा असेल तर ऐन सुट्टीच्या तोंडावर छापू नका, जानेवारी-फेब्रुवारीत छापा. शेंगेनच्या (म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या) व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, फी मोठ्या माणसाला 90 युरो, वर 30 हजार युरोचा विमा सक्तीचा, आणि ऐन वेळी अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. वेळेवर माहिती मिळाली तर सप्टेंबरचं तिकीट माणूस शांतपणे काढेल. लेखाबरोबर त्या किनाऱ्याच्या ट्रेनचा नकाशा तेवढा द्या, यॉटचा फोटो थोडा लहान केला तरी जागा होईल.

कळावे,
आपली एक नियमित वाचक